पायवाटेचा मनसोक्त आनंद घेण्याची रीत

आठवड्यातून किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांचे आरोग्य तुलनेने चांगले असते, असे इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या 2019 च्या एका अभ्यासात आढळले. आपणही वस्तीलगतच्या टेकडीवर जाण्याचे ठरवले असेल, तर अभिनंदन. मात्र ही 120 मिनिटे शांततेत वाया जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी आणि खणखणीत आवाजाचा स्पीकर सोबत न्यावा.

चढावरची वाट नागमोडी पाहून आपली चिडचिड होईल. सरळ उतारावर पावसाचे पाणी वेग घेते आणि माती ओढून नेते, म्हणून तिला वळणे दिलेली असतात म्हणे. आपण खुशाल दोन वळणांच्या मधून सरळ चढावे. मागून येणाऱ्यांना ही सूचना न सांगता कळते. हळूहळू गवत मरते, दाबलेल्या मातीत पाणी मुरेनासे होते आणि काही पावसाळ्यांत तिथे छानशी घळ पडते, जिच्यात उघडी पडलेली झाडांची मुळे पाय ठेवायला फार सोयीची असतात.

वाटेत चिखल लागला, तर जाणकार मधूनच चालायला सांगतात. त्यांना आपल्या नव्या बुटांची किंमत ठाऊक नसते. आपण कडेच्या गवतावरून जावे. उद्या त्या गवताचाही चिखल झाला, की पुढच्याने त्याच्याही कडेने जावे. हातभर रुंदीची वाट अशा रीतीने निव्वळ लोकसहभागातून गाडीरस्त्याएवढी होते.

कुत्र्याची साखळी अर्थातच सोडावी. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते, हा तिचा निष्काळजीपणा. त्याचे खापर कुत्र्यावर कशाला? ती कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर ते आपले स्वागत समजून निवांत चित्रीकरण करावे. भर उन्हात अंड्यांवर सावली धरण्याचे तिचे काम तेवढा वेळ थांबले, तरी चित्रफीत उत्तम येते.

एवढे झाल्यावर नागरिक या नात्याने एक सविस्तर निवेदन द्यावे. वाट निसरडी झाली आहे, म्हणून पेव्हर ब्लॉक बसवावेत. सावली उरलेली नाही, म्हणून पत्र्याची शेड उभारावी. आणि अलीकडे पक्षी दिसत नसल्याने प्रवेशद्वाराशी सिमेंटचे चार-दोन तरी बसवावेत.