मक्कबींची पुढची गोष्ट

अलिबागकडची आमची बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मंडळी हल्ली ग्रुपवर महाराष्ट्राच्या राजकारणावरून हमरीतुमरीवर येतात. परवा ठाण्याच्या मावसभावाने लिहिलं, "घरभेदे फार माजलेत, मक्कबींसारखं कुणीतरी हवं." त्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या त्या आम्हा परदेशातल्यांच्या. साहजिकच आहे. नवगावच्या शेजाऱ्याला उद्या सकाळी तोंड आम्हाला दाखवायचं नसतं.

मी इस्रायलमध्ये लोदला राहते. मक्कबी म्हणजे ग्रीक राजा अँटिओकसविरुद्ध उठलेले यहुदी भाऊ; त्यांचं बंड जिथे पेटलं ते मोदिईन इथून जवळच. त्या विजयाच्या सणाला, हनुक्काला, मुलांना दुष्ट राजा अँटिओकस आणि शूर मक्कबी शिकवतात, पण त्याआधीची वर्षं गाळून. इ.स.पू. 175 मध्ये यासोनाने या अँटिओकसला पैसे चारून यरुशलेमचं मुख्य याजकपद मिळवलं, तेही सख्खा भाऊ ओनियास त्या पदावर असताना. तीन वर्षांनी मेनेलाउसने 300 टॅलेंट चांदी जास्त बोलून ते यासोनाकडून काढून घेतलं. मंदिरातली सोन्याची भांडी बाहेर गेली. ओनियासने त्यावर आवाज उठवला, तर त्याचा खून झाला. पुढे राजा मेल्याची अफवा ऐकून यासोन हजारभर माणसं घेऊन आपल्याच शहरावर चालून आला. अँटिओकसची धाड पडली ती त्यानंतर. मोदिईनला मक्कबींच्या बापाने, मत्तथ्याने, आधी मारला तोही यहुदीच, ग्रीक वेदीवर बळी द्यायला पुढे आलेला.

मक्कबींचा पराक्रम मी नाकारत नाही. 164 मध्ये मंदिर शुद्ध केलं ते त्यांनीच. पण परक्याच्या दारात जाणारा तो घरभेदी म्हणायचं, तर मत्तथ्याच्या मुलाला, योनाथानाला, काय म्हणणार? 152 मध्ये तो मुख्य याजक झाला तो अँटिओकसच्याच सेल्युकिड गादीवर हक्क सांगणाऱ्या अलेक्झांडर बालासच्या नेमणुकीने. त्याच मक्कबी घराण्यातल्या राजा अलेक्झांडर यन्नायवर चिडलेल्या यहुद्यांनी ग्रीक राजा डेमेट्रियसला बोलावलं; यन्नायने सूड म्हणून 800 जण क्रूसावर चढवले. त्याची मुलं हिर्कानस आणि अरिस्तोबुलस यांनी भाऊबंदकी रोमन सेनापती पाँपेपुढे नेली आणि 63 मध्ये यरुशलेम रोमच्या हाती गेलं. आमचे पूर्वज अँटिओकसच्या छळातून निसटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांना हनुक्का ठाऊक नव्हता. ही पुढची गोष्ट तर नव्हतीच.

तिच्यातला होनी मला सर्वांत मोठा वाटतो. त्याने मागितलं की पाऊस पडतो अशी त्याची ख्याती. अरिस्तोबुलस मंदिरात होता आणि हिर्कानसच्या लोकांनी त्याला वेढा घातला, तेव्हा होनीला धरून आणलं: आतल्यांना शाप दे. त्याने प्रार्थना केली, देवा, ही तुझी माणसं आणि आत आहेत तेही तुझेच याजक. एकमेकांचं वाईट मागतील ते कुणाचंच ऐकू नकोस. तिथल्या तिथे त्याला दगडांनी ठेचून मारलं.

यंदा हनुक्काला आमच्या सिनेगॉगमध्ये मुलांना गोष्ट सांगायची पाळी माझी आहे. मत्तथ्या सांगेनच, पण होनीपर्यंत आल्याशिवाय थांबणार नाही.