सतराव्या वर्षी लागलेला नंबर

माझा मावसभाऊ वसईला राहतो आणि त्याचा धाकटा अकादमीत क्रिकेट शिकतो. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर लिलाव, कोवळी पोरं आणि पैसा यावरून बरीच वादावादी झाली. विरारच्या पृथ्वी शॉचं नाव निघालं; ते दरवेळी निघतंच. 2013 साली हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 546 धावा, 2018 मध्ये कसोटी पदार्पणातच शतक, आणि नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात त्याच्यावर बोली लावायला कोणी नाही. शेवटी भावाने लिहिलं, ‘तुमच्याकडे पोरांना शास्त्रशुद्ध घडवतात. आपण आधी डोक्यावर घेतो आणि मग आपटतो.’

मी मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे, ब्रोसार्डला राहते. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा बर्फावरच्या हॉकीचा संघ जिथे सराव करतो तो अरीना आमच्याच गावात आहे. माझा तेरा वर्षांचा मुलगाही तीच हॉकी खेळतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या आमच्या बहुतेक शनिवार-रविवारच्या सकाळी अरीनाच्या थंडगार बाकांवर जातात. तिथे बसून मी जे ऐकते, पाहते, त्यावरून भावाला एवढं नक्की सांगू शकते: डोक्यावर घेणं आणि आपटणं इथेही तसंच चालतं.

इथली पद्धत अशी. एनएचएल ही बर्फावरच्या हॉकीची इथली सर्वांत मोठी लीग. तिचे संघ दरवर्षी कोवळ्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारी मुलं त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र होतात. 32 संघ, सात फेऱ्या, 224 मुलं. जे संघ तळाला राहिले त्यांना आधी निवडायला मिळतं. निवडलेल्या मुलाला जो क्रमांक मिळतो तो त्याच्या नावाला जन्मभर चिकटतो. तिशी ओलांडलेल्या खेळाडूबद्दल बोलतानाही समालोचक ‘अमुक सालचा तिसरा’ असं म्हणतात. आपल्याकडे दहावीचे टक्के लग्नापर्यंत विचारतात, तसंच काहीसं.

2018 साली मॉन्ट्रियलने येस्पेरी कोटकानिएमी या फिनलंडच्या मुलाला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्ट जूनच्या शेवटी होता आणि त्याचा अठरावा वाढदिवस 6 जुलैला. म्हणजे ज्या रात्री त्याच्या डोक्यावर संघाची टोपी चढली, त्या रात्री तो सतरा वर्षांचा होता. फिनलंडच्या मोठ्यांच्या लीगमध्ये तो बहुतेक वेळ विंगवर, म्हणजे कडेच्या जागेवर, खेळला होता. मॉन्ट्रियलला मात्र कित्येक वर्षं मधल्या जागेसाठी धडाचा सेंटर मिळत नव्हता. संघाला खड्डा बुजवायचा होता, आणि त्या खड्ड्याच्या मापाचं पोर म्हणून याच्याकडे पाहिलं गेलं. त्याच शरद ऋतूत त्याला थेट एनएचएलमध्ये उतरवलं. पहिल्या वर्षी 34 गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले तेव्हा शहराने त्याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी 36 सामन्यांत आठ गुण झाले आणि त्याला खालच्या लीगमध्ये लावालला धाडलं. 2021 मध्ये कॅरोलायना या दुसऱ्या संघाने मोठ्या पगाराचा देकार दिला, मॉन्ट्रियलने तो गाठला नाही, आणि मुलगा गेला. त्याच्यामागे, चौथ्या क्रमांकावर ओटावाने घेतलेला ब्रेडी तकाचुक तोवर आपल्या संघाचा कर्णधार व्हायच्या बेतात होता. आजही इथल्या लोकांसमोर त्या ड्राफ्टचा विषय काढला की ते कोटकानिएमीवर चिडतात. त्याला निवडणाऱ्यांवर आणि वयाच्या आधी त्या जागेवर उभं करणाऱ्यांवर क्वचित चिडतात. मला हे पटत नाही. मुलाने तर कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

सेंटरच्या जागेचं एवढं काय, हा प्रश्न आमच्या बाबांनीही विचारला होता. आम्ही खडकीचे. बाबा फॅक्टरीत होते आणि आमच्या घरी हॉकी म्हणजे मैदानावरची हॉकी. धनराज पिल्ले खडकीचाच. त्याने आणि त्याच्या भावांनी तुटक्या स्टिका दोरीने बांधून खेळायला सुरुवात केली, ही गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगितली जायची. बाबांच्या डोक्यात अजून जुनी मांडणी पक्की आहे: पुढे पाच, मग तीन हाफ, दोन फुल बॅक, गोली. बर्फावरचा सेंटर म्हणजे आपला सेंटर फॉरवर्ड, असंच त्यांनी धरलं होतं. दोन-चार सामने फोनवर पाहिल्यावर तेच म्हणाले, ‘अगं, हा तर सेंटर हाफ आहे. अजितपाल सिंगसारखा.’ 1975 ला क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला तेव्हाचा कर्णधार अजितपाल, आणि तो सेंटर हाफ. बाबांनी नेमकं ओळखलं होतं. बर्फावरच्या सेंटरला खेळ सुरू करताना पकसाठी, म्हणजे चेंडूऐवजी असते त्या चकतीसाठी, समोरच्याशी झुंजावं लागतं. आपल्या गोलपाशी जाऊन डिफेन्सला हात द्यायचा आणि तिथून सुटून पुन्हा समोरच्या गोलपर्यंत धावायचं, हेही त्याच्याच वाट्याला. विंगरला एक बाजू सांभाळायची असते, सेंटरला सगळी लांबी. म्हणून सेंटर दुर्मीळ, म्हणून त्याची किंमत जास्त, आणि म्हणूनच जो मुलगा थोडाफार सेंटर खेळू शकतो त्याला ड्राफ्टच्या आधी सेंटरच म्हणायची घाई होते.

उलटंही घडतं. अलेक्सी लाफ्रेनियेर मॉन्ट्रियलच्या उत्तरेच्या सेंट-युस्टाशचा, आमच्या भागातला मुलगा. 2020 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तो डाव्या विंगचा. पण रेंजर्सकडे डाव्या बाजूला आधीच पनारिन आणि क्रायडर होते, दोघेही मोठे खेळाडू. पहिल्या क्रमांकाचा मुलगा तिसऱ्या ओळीत (पुढच्या खेळाडूंच्या तिसऱ्या तुकडीत), थोडा वेळ, मिळेल त्या बाजूला खेळत राहिला. पहिल्या हंगामात 56 सामन्यांत 21 गुण. ‘फुसका बार’ या अर्थाचा शब्द इथल्या रेडिओवर मी त्याच्याबद्दल कितीदा ऐकला असेन. मग 2023-24 मध्ये त्याला उजव्या बाजूला पक्की जागा दिली, पनारिन आणि ट्रोचेकच्या जोडीला लावलं, आणि त्याने 28 गोल केले. पोरगा तोच होता, बदलली ती जागा आणि जोडीदार.

2022 चा ड्राफ्ट तर आमच्याच शहरात झाला, बेल सेंटरमध्ये. पहिली निवड मॉन्ट्रियलची होती आणि अनेकांनी शेन राईट हे नाव गृहीत धरलं होतं. तो सेंटर, पंधराव्या वर्षापासून गाजलेला. संघाने घेतलं युराय स्लाफकोव्स्कीला, स्लोव्हाकियाच्या विंगरला. राईट चौथ्या क्रमांकापर्यंत घसरला. स्लाफकोव्स्कीने त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी सात गोल करून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होण्याचा मान मिळवला होता. तरी पहिल्या हंगामात 39 सामन्यांत चारच गोल झाले, वर गुडघा दुखावला, आणि लोक लगेच ‘राईटला घ्यायला हवं होतं’ म्हणू लागले. दुसऱ्या वर्षी त्याने 50 गुण केले. आणि त्याच ड्राफ्टमध्ये 62 व्या क्रमांकावर, ‘फार छोटा आहे’ म्हणून खाली सोडून दिलेल्या लेन हटसनने 2025 मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार जिंकला. या मुलांना घडवणारा प्रशिक्षक मार्तां सें लुई हा लावालचा, पाच फूट आठ इंचाचा, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. पुढे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. जाणकारांची फौज, व्हिडिओ, आकडे, सगळं हाताशी असून अठरा वर्षांच्या मुलांबद्दलचा अंदाज इतका चुकतो. भावाला वाटतं तसं पक्कं शास्त्र इथे कोणाच्या हाती लागलेलं नाही.

आता घरचं. माझा मुलगा तीन वर्षं सेंटर खेळला. या सप्टेंबरला निवडचाचण्यांनंतर नव्या प्रशिक्षकाने त्याला डाव्या विंगवर टाकलं. संघात उंचीने मोठी दोन मुलं आली होती, ती सेंटर झाली. आमचा मुलगा उजव्या हाताने मारणारा. डाव्या विंगवर, आपल्या गोलच्या बाजूला, फळीला चिकटून उभं राहायचं, मागून डिफेन्सचा पास येतो तो उलट्या हातावर घ्यायचा, तोवर समोरचा पोरगा अंगावर येतो, आणि त्यातून पक निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या भागाबाहेर, काढायचा. पहिले दोन महिने तो पास त्याच्या स्टिकवरून उडायचा. गाडीत तो बोलायचा नाही. एकदा म्हणाला, ‘आई, मी खराब झालोय का?’ तेराव्या वर्षी ‘खराब झालो’ हा शब्द! त्या रात्री मला झोप आली नाही. बाकावरचे इतर पालक मला सहानुभूतीने विचारत होते, ‘आता पंधराव्या वर्षीच्या ज्युनियर ड्राफ्टचं काय?’ आणि खरं सांगते, त्या प्रश्नाने मलाही धास्ती वाटली होती.

म्हणून भावाशी मला भांडायचं आहे ते वेगळ्याच मुद्द्यावर. आपल्याकडे जागा बदलून माणूस उभा राहिल्याची उदाहरणं इथल्याइतकीच मोठी आहेत, आपण ती पोरांना त्या अर्थाने सांगत नाही. बोरिवलीच्या शाळेत रोहित शर्मा आला तो ऑफस्पिनर म्हणून. दिनेश लाड सरांना त्याची बॅट दिसली. मग भारताकडून कित्येक वर्षं तो मधल्या फळीत आत-बाहेर होत राहिला, ‘गुण आहेत पण टिकत नाही’ हे आपणच चहाच्या टपरीवर म्हणत होतो. 2013 मध्ये एकदिवसीय सामन्यांत सलामीला गेला आणि खेळाडूच वेगळा दिसायला लागला. कसोटीत सलामीला येण्यासाठी 2019 उजाडावं लागलं, तेव्हा विशाखापट्टणमला दोन्ही डावांत शतक. सचिनसुद्धा ऑकलंडला 1994 मध्ये सिद्धूची मान आखडली म्हणून सलामीला गेला आणि 49 चेंडूंत 82 करून परतला. त्यांना उशिरा का होईना, जागा सापडली. पण रोहितला तितका वेळ मिळाला कारण तोवर त्याच्यावर कोणी सतराव्या वर्षी किमतीचं लेबल लावलं नव्हतं. आता 2024 च्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर 1 कोटी 10 लाखांची बोली लागली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने 35 चेंडूंत शतक ठोकलं, याचा मला मनापासून आनंद झाला. काळजी वाटते ती त्याच्यामागे येणाऱ्या, तितक्याच कोवळ्या आणि पहिल्या दहा डावांत न चमकणाऱ्या मुलांची.

इथलं एक मात्र मी भावाला घ्यायला सांगेन. कोटकानिएमीला लावालला धाडलं ते अपमान म्हणून बोललं गेलं, तरी लावाल होतं. वरच्या संघाचाच खालचा संघ, तेच डावपेच, वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर, रोज खेळायला. वरच्या संघाचा मुलावर काही वर्षं हक्क असतो, म्हणजे वाट पाहण्यात त्याचाही फायदा असतो. आयपीएलमध्ये दोन महिने बाकावर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला त्या दोन महिन्यांत सामने कोण देतं? 2024 मध्ये हॉकी इंडिया लीगचाही लिलाव पुन्हा सुरू झाला, त्यात हरमनप्रीतला 78 लाख मिळाले ते योग्यच झालं, पण त्याच लिलावातल्या विशीतल्या मुलांना मोसम संपल्यावर कोण विचारतं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि इथल्या लीगकडून मला हवं आहे ते असं: ड्राफ्टचं वय एकोणीस करा. एक वर्ष फार नाही. पण सतरा आणि अठराच्या मध्ये मुलं उंच होतात, जाड होतात, त्यांना स्वतःचा खेळ कळायला लागतो. पंधरापर्यंत तर कोणत्याही मुलाला एका जागेला बांधू नये, दर मोसमात त्याला दोन जागा खेळायला मिळाव्यात. माझ्या मुलाच्या प्रशिक्षकांना मी हे नोव्हेंबरमध्ये भेटून सांगितलं. ते ऐकून घेतात, विचार करतो म्हणतात.

बाबांना मात्र मी सांगायचं टाळलं होतं. नातवाला ‘सेंटर हाफ’ म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. मागच्या शनिवारी सकाळी सातचा सामना होता, पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. त्यांनी फोनवर पाहिलं आणि सामना संपल्यावर स्वतःच त्याला बोलावलं. ‘लेफ्ट आऊटला आलास होय?’

मुलगा म्हणाला, ‘हो आजोबा. पास उलट्या हातावर येतो.’

‘येणारच. आमच्यात तर डावखुरी स्टिकच नसते, चपटी बाजू एकच. लेफ्ट आऊटने क्रॉस द्यायचा तर सगळं अंग फिरवावं लागतं. खडकीत लेफ्ट आऊट कोणी व्हायला तयार नसायचं. तू मला सांग, पास येतो तेव्हा तुझे पाय कुठे असतात?’

मुलगा पॅड न काढताच उठला, फोन माझ्या हातात दिला आणि पाय कुठे असतात ते दाखवायला भिंतीला चिकटून उभा राहिला.