जुनी पोर्शे उभ्या-उभ्या कशी मारावी

गाडी घरी आली की आधी फोटो काढा. मग नंबरप्लेटला लिंबू-मिरची बांधा. मग सोयाबीनचं गोडाऊन झाडून घ्या, गाडी आत ढकला आणि वर ताडपत्री ओढा. झाली देखभाल.

मी संभाजीनगरात अशाच गाड्या खोलून पोट भरतो. आमच्याकडं शेंद्र्याला 2001 पासून स्कोडा जुळायला लागल्या, मागून ऑडी आल्या, त्यामुळं युरोपातली गाडी बघून इथल्या पोरांचे हात थरथरत नाहीत. 2010 मध्ये शहरातल्या लोकांनी मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभरच्या पेपरांत छापून आलं. त्या गाड्यांना आता पंधरा वर्षं होऊन गेली. चाव्या घेतानाचा फोटो सगळ्यांनी जपून ठेवलाय. सर्व्हिसची बिलं दाखवा म्हटलं की विषय बदलतो. तर या अनुभवातून सांगतो, खालचे सल्ले मनापासून पाळले तर कितीही भारी गाडी दोन-अडीच वर्षांत भंगारात घालता येते. एखादी 2006 ची पोर्शे 911 असेल तर फारच उत्तम. तिला वीस वर्षं झालीत, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं.

मुख्य सल्ला, गाडी चालवू नका. किलोमीटर वाढले की किंमत पडते. वर्षाला दोनदा बाहेर काढा, दसऱ्याला आणि घरच्या लग्नाला. काढली तरी चौकापर्यंतच न्या, म्हणजे इंजिन पुरतं गरमच होणार नाही. थंड इंजिनात पेट्रोलचा अंश आणि वाफ ऑइलमध्ये उतरते, गाडी नीट तापून पळाली तरच ती उडते. ती उडू देऊ नका. आणि ऑइल? चारशे किलोमीटरच तर फिरली, ऑइल कशाला बदलायचं! त्या इंजिनात आठेक लिटर लागतं, घरच्या छोट्या गाडीच्या दुपटीहून जास्त. तेवढ्यात किराणा येतो.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला असं कंपनी म्हणते. कंपनीला काय जातंय म्हणायला.

टायरवरची तारीख वाचू नका. बाजूला चार आकडे असतात. 1416 म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. ते बघितलं की उगाच झोप उडते. नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर शिल्लक आहे. दहा वर्षं जुन्या त्या टायरांवर भर एप्रिलात समृद्धीवर चढा. 120 ची मर्यादा आहे, म्हणजे सरकारनंच परवानगी दिलीय. काँक्रीट तापलेलं असतं, टायरातली हवा कधी तपासलेली नसते, गाडीत स्टेपनी नसते. मज्जा येते.

रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत, त्यांच्याकडं वाकून बघू नका. लिंबाचा पाला, कापसाचं बोंड, रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनचं भूस, सगळं तिथं जाऊन बसतं आणि पावसाळ्यात छान कुजतं.

पेट्रोलची टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करा. सध्याच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहे. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना त्याची सवय नाही. यात आपल्या भागाचाही हातभार आहे. गावाला टँकर, उसाला कॅनॉल, उसाचं इथेनॉल, आणि ते इथेनॉल त्याच उसाच्या पैशावर घेतलेल्या गाडीच्या नळ्या खातं. घरचं घरातच राहिलं.

आरटीओचं विचारू नका. बाहेरून आलेल्या गाडीची पंधरा वर्षांनंतरची नोंदणी चाळीस हजार, आणि गेल्या वर्षीच्या नियमानं वीस वर्षांच्या पुढं ऐंशी हजार. पर्यावरण कर वेगळा. नवी नंबरप्लेट वेगळी. तिची अपॉइंटमेंट कशी मिळते ते तुम्हालाही माहीत आहे.

आता बॅटरी.

बॅटरी उतरू द्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. कारण गंमत तिथून पुढं सुरू होते. या गाडीत इंजिन मागं, डिकी पुढं. बॅटरी पुढच्या डिकीत. डिकीचं कुलूप करंटवर उघडतं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. गाडी ओढायचा हूक? तोही त्याच डिकीत, टूलकिटच्या पाकिटात. हे जर्मनांना माहीत होतं. म्हणून त्यांनी आत पुढच्या सीटच्या पायापाशी, फ्यूजबॉक्समध्ये एक टोक दिलंय. ते बाहेर ओढायचं, दुसऱ्या बॅटरीचा प्लस त्याला लावायचा, मायनस दाराच्या कडीला, आणि चावीचं बटण दाबायचं. डिकी उघडते. पुस्तकात चित्रासकट दिलंय. पुस्तक गाडीत असतं. पण आपण पुस्तक कशाला उघडायचं? आपल्याकडं लोखंडी टॉमी आहे ना.

गेल्या आठवड्यात लातूरकडच्या एका मालकांची गाडी आली. आयशरच्या हौद्यातून आली. गोडाऊनमध्ये वर्षभर उभी. गल्लीतल्या वायरमननं पुढच्या डिकीत टॉमी घालून बघितली होती, त्यात पत्रा दुमडला, कुलूप काही उघडलं नाही. मग हूक नाही म्हणून ट्रॅक्टरचा दोर थेट चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला बांधला आणि ओढली. हँडब्रेक लागलेला होता. आयशरमध्ये चढवायला मातीच्या ढिगावरून नेली, पुढची हनुवटी तिथंच राहिली. ती एका खतांच्या पिशवीत घालून सोबत पाठवली होती, एवढी काळजी मात्र घेतली.

मागून मालक फॉर्च्युनरमधून आले.

“फक्त बॅटरी बसलीय मिस्तरी, बाकी गाडी टकाटक हाय. परवा पुतण्याची वरात हाय. जरा चार्ज करून द्या.”

मी म्हटलं, आधी लिफ्टवर घेतो. तर म्हणाले, “कामून? काय करायलाव एवढं खोलून? सेल्फ मारून बघा की!”

एअर फिल्टरचा डबा खोलला तर आत उंदरांचा संसार. कागदाचा चुरा, कापूस आणि ओंजळभर सोयाबीन. वायरिंगची जुडी तीन ठिकाणी कुरतडलेली. मागच्या टायरांना उभ्या-उभ्या सपाट पट्टे पडलेले. ब्रेक पॅड डिस्कला चिकटलेले. ऑइलची काडी… तिचं न बोललेलं बरं. त्यातच सेल्फ मारला असता तर वायरिंगला आग लागली असती, माझ्या गॅरेजात, माझ्या पोरांच्या डोक्यावर. पण मालकांची वरात होती ना.

मग एस्टिमेट दिलं. वायरिंग, टायर, आर्म, बुश, ऑइल, ब्रेक, पुढचा बंपर, बॅटरी. प्लगसाठी गाडी वर घेऊन खालून, चाकांच्या आतून हात घालावा लागतो, म्हणून त्याची मजुरी जास्त. मालकांनी कागद वाचला आणि पोरांकडं बघून हसले.

“एवढ्यात तर नवी अल्टो येती.”

मग घ्या की अल्टो! कुणी धरलंय? अल्टोनं तुमची वरात अडत नव्हती आणि अल्टोला उंदीर लागला असता तर मी दुपारपर्यंत दुरुस्त करून दिली असती. घेताना कुणी सांगितलं नव्हतं का, की गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट जुन्या भावात येत नाहीत? गाडीची किंमत दहा वर्षांत पाव होते. लोअर आर्मची होत नाही. तो युरोतच येतो, ड्युटी भरूनच येतो, आणि रुपया पडला की महाग होऊनच येतो. मालक म्हणतात, दिल्लीचा जुना माल लावा. कुठला लावू? दुसऱ्या कुणाच्या ठोकलेल्या गाडीतून काढलेला आर्म तुमच्या चाकाला लावू आणि तुम्ही त्यात पुतण्या बसवणार?

शेवटी काय ठरलं माहीत आहे? बंपर आणि पॉलिश. बाकी नंतर बघू. वरातीला हायड्रा क्रेननं उचलून मांडवासमोर ठेवू, फोटोपुरती. हे त्यांनी खरंच सुचवलं. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावायची आणि पोळा सरला की दावणीला उपाशी बांधायचं, हा तो प्रकार.

बाकीचे सल्ले थोडक्यात.

वाटेत कुणीही “एव्हरेज किती देते?” विचारलं तर खरं सांगा. चालवतच नसल्यानं एव्हरेजचा प्रश्न नाही.

स्पीडब्रेकर आडवे घ्या, सरळ घ्या, काही फरक पडत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात तो दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावर पट्टे असतात, आधी फलक असतो. आपल्याकडं उंचीत कंजुषी करत नाहीत. रुंदी, पट्टे आणि फलक पुढच्या टेंडरला.

स्कॅनर लावून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा बंद करून घ्या. दिवा गेला की आजार गेला. हे करून देणारे आहेत, माझ्या गल्लीतच आहेत, आणि माझ्यापेक्षा त्यांच्याकडं गर्दी जास्त आहे.

आता एक सांगतो, ते सल्ल्यात धरू नका. याच मॉडेलची एक गाडी माझ्याकडं दरवर्षी येते. मालक निवृत्त प्राध्यापक आहेत, पगाराच्या पैशातून साठवून, चार हातांतून आलेली गाडी घेतलेली. दर आठवड्याला चालवतात. ऑइल तारखेनं बदलतात, किलोमीटरनं नाही. बिलांची फाइल आहे, पहिल्या मालकापासूनची. काम झालं की टेस्टला मी तीच गाडी पहाटे खुलताबादच्या रस्त्याला नेतो. ऑइल तापेपर्यंत हळू, कुठं घाई नाही. मग दौलताबादच्या पुढं घाट लागला की तिसऱ्यात टाकून जरा दाबायची. चार हजारांच्या वर सहा सिलिंडरचा आवाज असा बदलतो की मागं बसलेलं ते इंजिन मान फिरवून बघावंसं वाटतं. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक. रस्त्यावर खडी आहे की ओल आहे ते तळहाताला कळतं. नव्या गाड्यांत ते गेलं. वळणावर मागचं वजन आधी बसतं आणि मग गाडी पुढं ढकलते, तेव्हा 325 घोडे कशाला लागतात ते समजतं, आणि ते समजायला वेगाची मर्यादाही मोडावी लागत नाही. वीस वर्षांची गाडी आहे. कुठं खडखड नाही, कुठं थेंब नाही.

तेच इंजिन, तेच साल, तोच कारखाना. लातूरच्या मालकांनी हा आवाज कधी ऐकलाच नाही. त्यांनी पैसे या आवाजाचे मोजले होते, आणि घेतली काय तर ताडपत्री.

तेव्हा आता सरळच बोलतो, राग आला तर येऊ द्या. गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा आणि अर्धा तास पळवा. जमत नसेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर लावा, उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा, तो तुमच्या एका हॉटेलच्या बिलात येतो. धान्याच्या गोडाऊनमध्ये गाडी ठेवू नका, कितीदा सांगायचं? वर्षाला ऑइल, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, सहा वर्षांनी टायर, नक्षी असो नसो. घेताना जेवढे पैसे मोजले, त्यातले थोडे दरवर्षी बाजूला पडत नसतील तर ही गाडी तुमची नाही, कुणाची तरी राखण करताय आणि तीही धड करत नाही. पोरांना रील काढायला चावी देऊन थंड इंजिन लाल रेषेपर्यंत ताणू देता, आणि पुन्हा मलाच म्हणता मिस्तरी लुटतो.

आणि विकायची असेल तर विका. पण मीटर मागं फिरवून द्या म्हणून माझ्याकडं येऊ नका. मागच्याच महिन्यात एक जण पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता, पुड्यासकट परत पाठवला. पुढचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून बायकोला शेजारी बसवून समृद्धीवर जाणार आहे. टायर किती सालचे ते त्याला सांगा. बिलं नसतील तर नाहीत म्हणा. उंदरांचंही सांगा. किंमत पडेल, पडू द्या, तुम्हीच पाडलीय.