‘पोर्तुगीज चष्म्या’बद्दल थोडं

अबॅकसवरच्या, म्हणजे हिशेबाच्या मोजणीपाटीवरच्या आणि मण्यांच्या चौकटीवरच्या, माझ्या लेखाखाली ‘एक सामान्य गोंयकार’ अशा टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: अबॅकस चीनचा, हे त्यांच्या पाचवीतल्या मुलीलाही क्लासमुळे ठाऊक आहे, मी मात्र ग्रीसपासून सुरुवात केली. लेख नको तेवढा लांबला. भारताची बोळवण दोन ओळींत केली. आणि शेवटी हे रत्न: “तुमच्या घराण्याने पोर्तुगीजांची कारकुनी केली असणार, म्हणून तुम्हाला सगळी अक्कल युरोपातून आलेली दिसते. तो चष्मा उतरवा.”

लेख लांबला, हे मान्य. घरचेही तेच म्हणतात. आता कारकुनीकडे वळू.

गोंयकारबाब, माझे आजोबा म्हापशाच्या बाजारात एका भुसारी दुकानाची खतावणी लिहीत. मोडीत. वडील देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेत शिकले, धूळपाटीवर बोटाने आकडे गिरवत. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी येत. मी स्वतः फोंडा तालुक्यात हायस्कुलात गणित शिकवत निवृत्त झालो आणि पेन्शन पणजीहून येते, लिस्बनहून नाही. एक चुलत आजोबा कस्टमात होते खरे, पण ते पोटासाठी, आणि त्यांचा अबॅकसशी संबंध काय? तुमच्या घरात त्या काळी कोण काय करत होतं, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. आमच्याकडे तशी रीत नाही.

ग्रीसपासून सुरुवात केली, कारण आजवर सापडलेल्या मोजणीपाट्यांमध्ये सर्वांत जुनी मानली जाणारी पाटी तिथली आहे. सालामिस बेटावर 1846 साली मिळालेली, इ.स.पू. 300च्या आसपासची. संगमरवराची लादी, सुमारे दीड मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. तीवर समांतर रेघा कोरल्या आहेत आणि कडेला ग्रीक आकडे. रेघांवर खडे ठेवायचे, सरकवायचे. मणी नाहीत, तारा नाहीत. मग रोमनांनी तळहातावर मावेल असा धातूचा संच केला: खाली लांब खाच, तिच्यात चार गोट्या, वर आखूड खाच, तिच्यात पाच किमतीची एक. आता तुमच्या मुलीच्या क्लासमधली चौकट हातात घ्या. ती बहुधा जपानी सोरोबान असणार. वर एक, खाली चार. चिनी सुआनपानच्या जुन्या घडणीत वर दोन, खाली पाच मणी असतात. म्हणजे ज्या चौकटीच्या जोरावर तुम्ही मला शिकवायला निघालात, ती चिनी बेताची नाहीच!

म्हणून ती रोमहून आली, असं मी म्हटलेलं नाही. तसा दुवा कुणी सिद्ध केलेला नाही. चिनी लोक आधी बांबूच्या काड्या मांडून हिशेब करत. मण्यांची चौकट तिथे घरोघरी पोचली ती मिंग घराण्याच्या काळात, आणि चेंग दावेई या चिनी गणितज्ञाचा 1592चा ग्रंथ तिचा मोठा आधार ठरला. हे लेखात होतं. चौथ्या परिच्छेदात. तिथवर पोचला असता तर प्रतिक्रिया वेगळी झाली असती, निदान छोटी झाली असती.

अशी युक्ती सुचायला कुणाकडे उसनवारीला जावं लागत नाही. आमच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पाडेली नारळ उतरवतो, तेव्हा मोजणारा दोन्ही हातांत दोन-दोन घेऊन ढिगावर टाकत जातो. शंभर झाले की एक नारळ बाजूला. संध्याकाळी बाजूचे नारळ मोजले की शेकडे मिळाले. त्या बाजूच्या नारळाची किंमत शंभर, ढिगातल्याची एक, आणि नारळ तोच. सालामिसच्या लादीवर खडा हेच करतो. आमच्या मोजणाऱ्याने ग्रीस पाहिलेला नाही, चीनही नाही.

भारताबद्दल तक्रार असेल तर असो. आपल्या जुन्या गणितग्रंथांत मण्यांची चौकट भेटत नाही, पाटी आणि धूळ भेटते. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात एकच रेघ शतस्थानी शंभर, दशस्थानी दहा आणि एकस्थानी एक होते, असा दाखला आहे. आपली कमाई ती. पिसाच्या लिओनार्दोने 1202 साली भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य यांची हिशेबपद्धत युरोपला समजावली आणि पुढच्या काही शतकांत तिथल्या मोजणीपाट्या अडगळीत गेल्या. 1503च्या एका जर्मन पुस्तकातल्या चित्रात आपले अंक मांडणारा खुशीत आहे आणि मोजणीपाटीवाला तोंड पाडून बसला आहे. पोर्तुगीज चष्म्यातून हे दिसतं म्हणता? मग असू दे तो चष्मा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मुलीला सांगा, टोकियोत 1946 साली सोरोबान आणि विजेवर चालणारं गणकयंत्र यांची जाहीर स्पर्धा झाली आणि सोरोबान 4-1 ने जिंकला. क्लासच्या पुस्तकात कदाचित नसेल. पुढचा लेख रशियन चौकटीवर आहे, चवथीनंतर टाकीन. त्यावर हवं ते लिहा, खऱ्या नावाने लिहिलंत तर उत्तम. आजोबांना मात्र मध्ये आणू नका.