युलिमिटचा आकडा प्रोसेसपर्यंत पोहोचत का नाही?

एका प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रॅमने, एका वेळी किती फाइली उघड्या ठेवाव्यात, ही लिनक्सवरची साधी मर्यादा वाढवताना माणसाची अख्खी रात्र जाते आणि त्याबद्दल कोणालाही काही वाटत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो. इंदूरमध्ये विजयनगरच्या आसपास ज्या लहान सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांकडे सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नसतो. जो कोड लिहितो, तोच रात्री सर्व्हरही पाहतो. दिवाळीच्या तोंडावर नमकीनच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या साइटवर ऑर्डरींची झुंबड उडते, लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ अशा ओळींचा पाऊस पडतो आणि शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, ‘अरे दादा, युलिमिट -एन ६५५३६ टाक, होऊन जाईल.’ तो बिचारा टाकतो. शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी चालवणारा प्रोग्रॅम, कुरकुर न करता आकडा घेते, पुन्हा विचारल्यावर ६५५३६ असे उत्तरही देते, आणि सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर साइट पुन्हा तशीच कोसळते.

असे होण्याचे कारण गूढ नाही, आणि राग त्याचाच आहे. युलिमिट ही शेलच्या आतली आज्ञा आहे. ती त्या एका शेलची मर्यादा बदलते आणि त्यानंतर त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रोसेसना ती वारशाने मिळते. तुमची सर्व्हिस मात्र सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाने, सुरू केलेली असते. तिचा त्या शेलशी काही संबंध नसतो, त्यामुळे तुम्ही घातलेला आकडा तिच्यापर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही. हे एक वाक्य प्रत्येक मार्गदर्शक लेखाच्या पहिल्या ओळीत असायला हवे, पण लेख आज्ञा देऊन मोकळे होतात.

मग कोणीतरी लिमिट्स डॉट कॉन्फ या फाइलचे नाव घेते. ती फाइल पॅमचे, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेचे, मॉड्यूल लॉगिनच्या वेळी वाचते. सिस्टिमडीच्या सर्व्हिसला लॉगिन नसते, म्हणून तिथे लिहिलेलेही तिच्यासाठी वाया जाते. शिवाय तिथे सर्वांसाठी म्हणून तारांकन टाकले, तरी रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, ते लागू होत नाही, त्याचे नाव वेगळे लिहावे लागते. उबंटूवर रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणारे सुडो लावून युलिमिट चालवावे, तर अशी आज्ञाच सापडत नाही असे उत्तर मिळते, कारण सुडो डिस्कवरचा प्रोग्रॅम शोधतो आणि ही आज्ञा तर शेलच्या पोटात आहे. खरी जागा सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टिमडी वाचते त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लिमिट-नो-फाइल या ओळीत आहे. तिथे लिहा, डेमन-रीलोड करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, काम संपले. एवढेच सांगायचे होते, तर आधीच्या तीन दारांवर माणसाला का फिरवता?

मुळात उघड्या फाइलींची नेहमीची मर्यादा १०२४ हा आकडा का, हे मला समजते. सिलेक्ट या जुन्या सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) करायच्या मागणीला, त्यापुढचे फाइल-क्रमांक पेलत नाहीत, म्हणून सॉफ्ट मर्यादा (प्रत्यक्ष लागू असलेली) तेवढीच ठेवून २०१८ च्या सिस्टिमडी २४० ने हार्ड मर्यादा (सॉफ्ट जिथपर्यंत वर नेता येते ते छत) ५,२४,२८८ केली; ज्या प्रोग्रॅमला जास्त लागेल, त्याने आपली सॉफ्ट मर्यादा स्वतः वर न्यावी, अशी त्यामागची अपेक्षा आहे. ती रास्त आहे. गो भाषेने १.१९ पासून ते काम आपल्या अंगावर घेतलेही. बाकीच्यांनी का घेऊ नये? ते ओझे रात्री अडीच वाजता जाग्या असलेल्या मुलावर का टाकावे?

त्याहून चीड आणणारी गोष्ट युलिमिटच्या -एम या पर्यायाची. प्रत्यक्ष मेमरीवर मर्यादा घालण्यासाठी म्हणून तो दिलेला आहे, बॅश हे नेहमीचे शेल तो विनातक्रार स्वीकारते, आणि लिनक्स कर्नल २.४.३० पासून त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ज्या बंधनाचा काडीचाही उपयोग नाही, ते लागू झाल्याचे भासवणे ही वापरणाऱ्याची सरळ फसवणूक आहे. किमान एक इशारा छापायला काय हरकत होती?

प्रोसेसची संख्या बांधणाऱ्या -यू ची कथा तशीच. ती मर्यादा एका प्रोसेसची वाटते, पण कर्नल त्या वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेस आणि त्यांचे थ्रेडसुद्धा (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामे) एकत्र मोजतो. म्हणून एकाच खात्यावर दोन ॲप चालवली, तर पहिल्याच्या थ्रेडमुळे दुसरे अडते आणि दोष भलत्याच माथी जातो. शिवाय फक्त सॉफ्ट मर्यादा बदलणारा -एस न लावता आकडा कमी केला, तर हार्ड मर्यादाही खाली येते आणि साध्या वापरकर्त्याला ती त्या शेलमध्ये पुन्हा वाढवता येत नाही. शिकाऊ माणूस प्रयोग करून पाहतो आणि तिथेच अडकतो.

चालू प्रोसेसला खरोखर कोणती मर्यादा लागली आहे, हे प्रॉक डिरेक्टरीत तिच्या क्रमांकाखालच्या लिमिट्स फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेले असते. कोणताही बदल करण्याआधी तीच वाचायची असते. पण कितीतरी जणांना ती फाइल आहे हेच कोणी सांगितलेले नसते. प्रलिमिट (prlimit) ही आज्ञा तर चालू प्रोसेस बंद न करता तिची मर्यादा बदलते, आणि त्यासाठीचा सिस्टिम कॉल २०१० च्या २.६.३६ कर्नलपासून उपलब्ध आहे. साइट बंद न पडू देता रात्र निभावण्याचा हाच मार्ग आहे. मात्र रीस्टार्ट होताच तो आकडा पुसला जातो, म्हणून तोच आकडा युनिट फाइलमध्येही लिहावा लागतो. आणि प्रलिमिट सुचवणारे हे उरलेले अर्धे सांगायचे पुन्हा विसरतात.