तुटेपर्यंत चालवू नका: सस्पेन्शनच्या वॉरंटीबद्दलचा तो फॉरवर्ड किती खरा?

थार-जिम्नीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ऑफरोडिंग करणाऱ्यांनी आपले हक्क ओळखावेत, असं म्हणत त्यात सहा दावे केलेत. गाडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) म्हणून विकली आहे, तेव्हा दगडधोंड्यांत काहीही तुटलं तरी तो कंपनीचाच दोष. वॉरंटीच्या मुदतीत असेल तर बुश (सांध्यांतली रबरी गादी), शॉकर (धक्के शमवणारी नळी), बॉल जॉइंट सगळं फुकट बदलून मिळतं. लिफ्ट किट (गाडी उंच करणारा सुट्या भागांचा संच) बसवली तरी कायद्याने वॉरंटी जातच नाही. एखादा भाग खराब व्हायला लागला तर लगेच नेऊ नका, पूर्ण तुटू द्या, म्हणजे अख्खा सेट मिळतो. ‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हणजे मजुरीसकट आयुष्यभर. आणि कोणी नाही म्हटलं तर ग्राहक न्यायालय नवी गाडी मिळवून देतं.

हा मजकूर माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्या थारच्या पुढच्या चाकाच्या बॉल जॉइंटला प्ले (ढिलेपणा) आलाय आणि तो विचारतो, “मामा, पूर्ण तुटेपर्यंत थांबू का?” म्हणून आधी चौथ्या दाव्याबद्दल बोलतो. बाकीच्या दाव्यांनी फार तर पैसे आणि वेळ जाईल, या एकाने माणूस जाऊ शकतो.

बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि सस्पेन्शनचा आर्म यांना जोडणारा सांधा. त्याचा रबरी बूट फाटला की आत चिखल-पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळा आणि वाटी एकमेकांना घासून खातात आणि प्ले येतो. २०२० नंतरच्या थारमध्ये पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते, म्हणजे गाडीचं वजन खालच्या बॉल जॉइंटमधूनच चाकावर जातं. तो गोळा वाटीतून निसटला की चाक दुमडून मडगार्डमध्ये घुसतं, ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) ओढला जातो, ब्रेकचा होज तुटू शकतो आणि स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी वळत नाही. ताम्हिणीच्या उतारावर असं झालं तर वॉरंटीचा प्रश्न उरतच नाही.

प्ले आहे की नाही हे पाहायला पंधरा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा. या थारमध्ये जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावून चाक जमिनीपासून थोडं वर घ्या. जॅक चेसिसखाली लावला तर स्प्रिंगच्या ताणामुळे प्ले लपून राहतो, आणि बरेच मेकॅनिक हीच चूक करतात. मग टायरखाली पहार घालून हळूच वर उचला आणि दुसऱ्याला जॉइंटकडे बघायला सांगा. त्यानंतर चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. हलत असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, नाही थांबली तर जॉइंटमध्ये. जिम्नीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला बॉल जॉइंट नाहीत, तिथे किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग आणि पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश बघायचे. ते गेले की ठरावीक वेगाला, खड्डा लागला की अख्खं स्टिअरिंग थडथडायला लागतं.

शॉकरचंही तेच. दांड्याच्या सीलपाशी तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला ओलसर थर दिसला तर तो गळका नव्हे. सीलला वंगण मिळतंय एवढाच त्याचा अर्थ. पुसून कोरडा करा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा बघा. तेल ओघळून नळीच्या खालपर्यंत आलं असेल किंवा थेंब पडत असतील तर तो गळतोय. असा शॉकर महिनोन्‌महिने चालवला तर टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो, बम्प स्टॉप (सस्पेन्शन वर आपटू नये म्हणून बसवलेला रबर) ठेचला जातो, वरचं माउंट फुटतं. मग कंपनी म्हणते, “दोष दिसल्यावरही तुम्ही गाडी वापरत राहिलात.” बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत ही अट असते आणि ती मला रास्त वाटते.

‘अख्खा सेट मिळतो’ हे तर उलटच आहे. भाग का मोडला हे मोडलेल्या तोंडावरून कळतं. थकव्याने मोडलेल्या पोलादाचं तोंड एका बिंदूपासून पसरत गेलेलं, गुळगुळीत आणि वक्र रेषांचं असतं. शेवटी तुटलेला थोडा भाग तेवढा खरबरीत. एकाच जबर आघाताने मोडलं असेल तर सगळं तोंड खरबरीत असतं आणि शेजारचे भागही वाकलेले असतात. गुळगुळीत भागावर जुना गंज असेल तर चीर बरीच आधी पडली होती. ती चीर कुठल्याही ठोकरीच्या खुणेविना सुरू झाली असेल तर तुमची बाजू भक्कम. दगडाने उडालेल्या रंगाखालच्या गंजापासून सुरू झाली असेल तर कमकुवत. कॉइल स्प्रिंग बहुतेक वेळा सर्वांत खालच्या वेढ्यातच मोडते, कारण चिखल आणि खडी तिथेच अडकून रंग खरवडतात. मोडलेली स्प्रिंग घेऊन पाचशे किलोमीटर फिरलात की दोन्ही तोंडं एकमेकांवर आपटून चपटी होतात आणि तुमच्या हातातला एकमेव पुरावा तुम्हीच पुसून टाकता.

म्हणून काही मोडलं की गाडी तिथेच थांबवा. जागेवरच फोटो काढा: लांबून, जवळून, ओडोमीटरसह. तुकडे जुळवून बघायला तोंडं एकमेकांवर घासू नका, तारेच्या ब्रशने साफ करू नका. कोरडं करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. वर्कशॉपच्या जॉबकार्डवर लक्षण आणि किलोमीटर लिहून घ्या. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, तेव्हा द्यायच्या आधी त्याचे फोटो तुमच्याकडे हवेत.

आता लिफ्ट किट. फॉरवर्डमध्ये म्हटलंय, ‘मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही.’ हा कायदा १९७५ चा आहे आणि अमेरिकेचा आहे. पुण्यात घेतलेल्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेतही ज्या भागाचं नुकसान किटमुळेच झालं त्याची वॉरंटी नाकारता येते.

तरी या दाव्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायला हवं, आणि त्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, ज्यांत महिंद्रा आणि मारुती दोन्ही होत्या, स्पष्ट सांगितलं की ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. कंपन्यांनी पुढे या आदेशाला आव्हान दिलं, आणि तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे, गाडीत बदल करण्याबद्दल नाही. तरीही त्यातलं सूत्र सस्पेन्शनला जसंच्या तसं लागू पडावं: कशामुळे काय बिघडलं ते दाखवा, तेवढंच नाकारा. दोन इंचाची लिफ्ट आहे म्हणून कोणी एसीच्या कॉम्प्रेसरची किंवा पॉवर विंडोची वॉरंटी नाकारली, तर भांडा.

पण त्याच सूत्राने दुसरी बाजूही मान्य करावी लागते. थारला पुढे दोन इंच उचललं की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे आणि वरचा बॉल जॉइंट कायम तिरक्या कोनात चालतात, बूट लवकर फाटतात. जिम्नी उचलली की पॅनहार्ड रॉडच्या कोनामुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. नुसता स्पेसर (स्प्रिंगवरची जाड चकती) टाकून मूळ शॉकर तसाच ठेवला, तर चाक खाली लोंबताना सगळा झटका शॉकरच्या दांड्यावर येतो आणि तो आतून तुटतो. हे भाग कंपनीकडून फुकट मागणं अन्याय्य आहे. वर गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत कडक भूमिका घेतली आहे.

इथे तिसरा पक्ष नेहमी सुटतो: किट बसवणारं गॅरेज. रबरी बुश असलेल्या आर्मचे नट गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही हजार किलोमीटरांत फाटतं. नट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मगच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. पाचशे किलोमीटरांनी पुन्हा तपासायचे. बुश चारच महिन्यांत गेले तर आधी हे विचारा. तो दोष ना कंपनीचा ना दगडांचा. मजुरीसकट तो खर्च गॅरेजचा.

‘फोर-बाय-फोर आहे म्हणजे तुटलेलं सगळं कंपनीचं’ हे खोटं. वाकलेला शॉकरचा दांडा, दगडावर आपटून दबलेली त्याची नळी, वाकलेला आर्म हा आघात आहे, आणि आघाताला विमा असतो, वॉरंटी नव्हे. पण ‘ऑफरोड नेली म्हणजे गैरवापर’ हे सर्व्हिस सेंटरचं ठरलेलं उत्तरही तितकंच खोटं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या विक्रेत्याने केलेल्या दाव्यालाही जोडलेली आहे. जाहिरातीत गाडी नदीतून आणि खडकांवरून नेऊन दाखवली असेल तर त्या वापराला ‘गैरवापर’ म्हणता येणार नाही. स्पर्धेत उतरवली असेल तर गोष्ट वेगळी.

बुश आणि शॉकर मुदतीत फुकट मिळतात का? झीज आणि दोष वेगळे. माझं मत विचाराल तर दांड्यावर ओरखडा नाही, नळी दबलेली नाही आणि तरी शॉकर पहिल्या वर्षात गळला, तर तो बदलून मिळायलाच हवा. चिखलात वापरलेल्या गाडीचे बुश पन्नास हजार किलोमीटरांनी ढिले झाले, तर ते तुम्ही वापरून संपवलेत. पॉलियुरेथेनचे बुश करकरतात ते ग्रीस संपल्यामुळे. लांब वॉशबोर्ड (आडव्या लाटा पडलेल्या) रस्त्यावर शॉकर तापून मऊ पडला आणि थंड झाल्यावर पूर्ववत झाला, तर तो दोष नाही. नवी स्प्रिंग सुरुवातीला सेंटीमीटरभर बसते, तेही ठीक. पण चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं बसवल्याच्या दिवशी चारही बाजूंची लिहून ठेवा. पुढे एकच बाजू खचली तर बोलायला आधार राहतो.

‘लाइफटाइम’ बहुतेक ठिकाणी पहिल्या खरेदीदारापुरतं आणि फक्त उत्पादनातल्या दोषाला असतं. बुश, सील, मजुरी त्यात धरलेले नसतात. घेण्याआधी अटी लिखित मागा, आणि बिलावर पार्ट नंबर व बसवतानाचे किलोमीटर लिहून घ्या. परदेशातून कोणाच्या बॅगेत आणलेल्या किटची वॉरंटी इथला डीलर देणार नाही.

नव्या गाडीचं स्वप्न सोडा. २००६ मध्ये मोटारीच्या क्लचबद्दलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटीखाली सदोष भाग बदलून द्यायचा असतो, अख्खी गाडी नव्हे. पण भागापुरती तक्रार करायला घाबरू नका. नकार कारणासह लेखी मागा. ‘नॉर्मल वेअर’ एवढे दोन शब्द पुरेसे नाहीत, कुठल्या खुणेवरून तसं ठरवलं तेही लिहायला सांगा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे काम झालं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोग तो भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी मोडलेला तुकडा तुमच्याजवळ शाबूत हवा.