पद आधी, नाटक मागून

गेल्या रविवारी सांगलीच्या दादांशी फोनवर माझं चांगलंच वाजलं. दादा म्हणजे माझे मावसभाऊ, माझ्याहून वयाने बरेच मोठे. नाट्यसंगीताचं वेड मला त्यांच्याच घरात लागलं, म्हणून त्यांच्याशी भांडताना जीव तुटतो. त्यांची नात पुण्यात कॉलेजला आहे. तिने चार-पाच मैत्रिणींना जमवून नाट्यपदांचा एक गट केला आहे. पेटी कुणाची तरी मागून आणतात, सुट्टीच्या दिवशी गातात आणि मिनिटभराच्या चित्रफिती इन्स्टाग्रामवर टाकतात. तिला 'कट्यार काळजात घुसली' भेटली ती २०१५च्या चित्रपटातून. मूळ नाटकाचा प्रयोग तिने पाहिलेला नाही. दादांनी घरच्या सगळ्यांसमोर तिला सुनावलं की तुम्ही पोरी रसिक नव्हे. प्रवेश माहीत नाही, पद कुणी कुणाला उद्देशून म्हटलंय ते माहीत नाही, नुसता चाळा आहे. आता ती गट बंद करायचं म्हणते आहे.

दादा एकटे असते तर मी गप्प बसले असते. पण हा सूर मला घरून सतत ऐकू येतो. चित्रपट पाहून नाट्यसंगीताकडे आलेले खोटे, यूट्यूबवर ऐकणारे अर्धवट, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात पुढच्या रांगेत बसून ऐकलेले तेवढे खरे. आणि त्याच तोंडाने पुढचं वाक्य येतं की तरुण पिढी संगीत नाटकाकडे फिरकत नाही.

मी न्यू जर्सीत राहते. माझी लेक हायस्कूलमध्ये आहे आणि तिच्या जगण्याचा निम्मा भाग स्प्रिंग म्युझिकलने, म्हणजे शाळेच्या वार्षिक गाण्याच्या नाटकाने, व्यापलेला आहे. जानेवारीत ऑडिशन, मार्चमध्ये प्रयोग, मधले दोन महिने आम्ही पालक कपडे शिवतो, सेट रंगवतो, तालमीला जेवणाचे ट्रे पोचवतो. रंगमंचापुढच्या पिटमध्ये शाळेचीच मुलं वाद्यं वाजवतात. तिच्या टोळक्यातल्या बहुतेकांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर फार थोडे प्रयोग पाहिले आहेत, कारण तिकीट परवडत नाही. तरी त्यांना नाटकंच्या नाटकं पाठ आहेत. कास्ट रेकॉर्डिंग, म्हणजे नाटकातल्याच नटांनी गायलेला अल्बम, ऐकून ऐकून. कुठल्या ओळीनंतर कोण श्वास घेतो इथवर.

आणि या मुलांच्या ऐकण्यात ताकद आहे. इथून जवळच रेड बँकच्या टू रिव्हर थिएटरमध्ये २०१५ साली 'बी मोर चिल' नावाचं म्युझिकल आलं. शाळेत कुणी विचारत नाही असा एक मुलगा, त्याला गोळीच्या रूपातला एक संगणक मिळतो, आणि तो संगणक त्याला डोक्यात बसून सांगत राहतो की चारचौघांत कसं वागायचं, कसं बोलायचं म्हणजे लोक आपल्यात घेतील. प्रयोग संपले. न्यूयॉर्कहून कुणी बोलावलं नाही. मागे राहिला तो गाण्यांचा अल्बम. दोनेक वर्षांनी तो शाळकरी मुलांच्या हाती लागला. त्यांनी त्यातल्या पात्रांची चित्रं काढली, गाण्यांवर स्वतःची ॲनिमेशनं केली, पार्टीत बाथरूममध्ये एकट्या अडकलेल्या मित्राचं गाणं घराघरांतून गायलं. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते नाटक कधी पाहिलेलं नव्हतं. पाहणार तरी कुठे, ते तर बंद होतं! त्यांच्या जोरावर २०१८ साली ते ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या लहान थिएटरांत, आलं आणि मार्च २०१९मध्ये ब्रॉडवेच्या लायसियम थिएटरात उघडलं. ऑगस्टमध्ये तिथलं बंद झालं हेही खरं. पण मेलेलं नाटक प्रेक्षकांनी उठवलं, आणि ते प्रेक्षक दादांच्या व्याख्येत प्रेक्षकच नव्हते.

याच्याही आधी, १९९६ साली 'रेंट' हे म्युझिकल ब्रॉडवेवर आलं तेव्हा निर्मात्यांनी पुढच्या दोन रांगा वीस डॉलरला ठेवल्या. सगळ्यात महागाच्या जागा सगळ्यात कमी पैसेवाल्यांना. मुलं नीडरलँडर थिएटरच्या बाहेर रात्रभर फुटपाथवर झोपायची. पुढे त्याची लॉटरी झाली आणि 'हॅमिल्टन' या म्युझिकलने ती दहा डॉलरवर आणली, कारण दहाच्या नोटेवर हॅमिल्टनचंच चित्र आहे. हे मी दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमच्याकडे पैसा आहे." पैशाचा प्रश्न नाही हा. तरुण माणूस पहिल्या रांगेत बसलेला आपल्याला चालतो की नाही, याचा आहे. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात पुढच्या रांगा कुणासाठी राखलेल्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

दादांच्या म्हणण्यात खरं काय आहे तेही सांगते. पद नाटकातून उपटून काढलं की त्याचा जीव कमी होतो. 'कट्यार'मधलं 'घेई छंद मकरंद' पंडितजींच्या गायकीत एक आणि खाँसाहेबांच्या गायकीत दुसरं. ते दोन्ही ऐकताना अंगावर काटा येतो तो त्या दोन माणसांमधलं वैर माहीत असतं म्हणून. मैफलीत ती नुसती एका पदाची दोन रूपं उरतात. हे दादांचं मला मान्य आहे, शंभर टक्के. पण मग नातीला बसवून ती गोष्ट सांगा ना. आधी परीक्षा आणि मग प्रवेश, हा क्रम कुठून आला?

आपल्या रंगभूमीच्या इतिहासातून तर नक्कीच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' आणलं ते पारशी मंडळींचं गाणारं नाटक पाहून, आणि चाली घेतल्या त्या कीर्तनातून, लावणीतून, कानडी पदांमधून, जिथून मिळतील तिथून. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाच्या चाली दिल्या. पुढे तक्रार सुरू झाली की गाण्याने नाटक खाल्लं. एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर पडायचे, नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, आणि दर्दी लोक कथानकासाठी नाही तर पदासाठी थांबायचे. म्हणजे पदापुरता नाटकात जीव अडकलेला माणूस ही आपली सगळ्यात जुनी रसिकाची जात आहे.

आणि तबकडी? बालगंधर्वांना ज्यांनी रंगमंचावर पाहिलं त्यांच्या कितीतरी पट लोकांनी त्यांना ग्रामोफोनवर ऐकलं. रंगमंचावर अर्धा-अर्धा तास रंगणारं पद तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांत बसवावं लागे. अख्ख्या पिढ्यांना ते पद तेवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी आयुष्यभर गंधर्वांची पूजा केली. माझी आजी त्यातली. तिने एकही संगीत नाटक पाहिलं नव्हतं, कारण घरातल्या बायकांना नाटकाला जायची परवानगी नव्हती. रेडिओवर पद लागलं की ती हातातलं काम थांबवायची. तिला रसिक नव्हे म्हणण्याची दादांची हिंमत होणार नाही. ती त्यांचीही आजी होती.

खुद्द दादांकडे एक खजिना आहे. सत्तरच्या दशकातल्या प्रयोगांच्या कॅसेटी, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन, रुमालाखाली झाकून भरलेल्या. त्यात खोकले आहेत, खुर्च्या सरकल्याचे आवाज आहेत, आणि मधेच 'कट्यार'मधले खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांची अशी एक तान आहे की ती दुसरीकडे कुठेही सापडणार नाही. इथली मुलं चोरून भरलेल्या चित्रफिती एकमेकांना देतात तेव्हा निर्माते रागावतात, आणि कायद्याने त्यांचं बरोबर आहे. पण त्या मुलांना आणि माझ्या दादांना मी वेगळं काढू शकत नाही. दोघांनाही ती संध्याकाळ हातातून जाऊ द्यायची नव्हती.

इथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. २०२४च्या नोव्हेंबरात 'विकेड' या म्युझिकलवरचा चित्रपट आला तेव्हा आमच्या घरातही फूट पडली. नाटक २००३पासून ब्रॉडवेच्या गर्शविन थिएटरात चालू आहे. जुन्या भक्तांना चित्रपटातून आलेली नवी मुलं खपेनात. चित्रपटगृहांत गाऊ नका अशा सूचना लागल्या, मग नाताळपासून ज्यांना गायचंय त्यांच्यासाठी वेगळे खेळ ठेवले. लेकीच्या टोळक्यात दोन मुली त्यावरून महिनाभर बोलत नव्हत्या. पण फरक बघा: गाणाऱ्यांना घरी पाठवलं नाही, त्यांच्यासाठी वेगळी वेळ काढली. आपल्याकडे एवढं सुचत नाही याचं मला वाईट वाटतं.

गोव्यात मात्र सुचलेलं आहे, न सांगता सुचलेलं. तिथे जत्रेला गावचीच माणसं संगीत नाटक उभं करतात. दुकानदार, शिक्षक, बँकेतला कारकून. पोरं पुढे जमिनीवर बसून ऐकतात, झोपतात, उठून पुन्हा ऐकतात, आणि कुणी त्यांना विचारत नाही की तुम्हाला प्रवेश कळला का. 'कट्यार'चे संगीतकार अभिषेकीबुवा त्याच मातीतले, दीनानाथ मंगेशकरही तिथलेच. आणि महाराष्ट्रातही, २०१७ साली 'संगीत देवबाभळी' आलं तेव्हा तरुण मुलांनी ते डोक्यावर घेतलं. त्यांना संगीत नाटकाचा इतिहास पाठ होता म्हणून नव्हे. तुकारामांची बायको आवली रागावून विठ्ठलाशी भांडते ते त्यांना आपलं वाटलं म्हणून.

इतकी का चिडते मी, हे माझ्या नवऱ्याने परवा विचारलं. त्याचं उत्तर दादांशी संबंधित नाही.

मी पुण्याला येते तेव्हा बालगंधर्व रंगमंदिरात नाहीतर भरत नाट्यमंदिरात काही संगीताचं असलं तर तिकीट काढतेच. मध्यंतरात कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि कौतुकाने म्हणतं, "तुम्हाला तिकडे हे कुठलं मिळायला!" त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या क्षणी मला वाटतं की आता 'शाकुंतल'ची नांदी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवावी. एकदा खरंच म्हणून दाखवली, चहाच्या रांगेत. मी इथली आहे हे सिद्ध करायला मला पुरावा लागतो आणि तो पुरावा मी कायम खिशात घेऊन फिरते. इकडे हायस्कूलच्या पालकांत बसले की उलटं. ते म्युझिकल लिहिणाऱ्या सॉन्डहाइमच्या एखाद्या ओळीवर एकदम हसतात आणि मी अर्धा क्षण उशिरा हसते. दोन्हीकडे मी चित्रफितीवरून शिकलेली. दादांनी नातीला जे म्हटलं ते मला म्हटल्यासारखं लागलं, आणि म्हणून मला रात्रभर झोप आली नाही.

ही चाळणी आम्ही सातासमुद्रापार घेऊनही आलो आहोत. काही वर्षांपूर्वी इथल्या एका गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या लेकीने एक पद म्हटलं. लहान होती, यूट्यूबवर ऐकून बसवलेलं. उतरल्यावर एका बाईंनी पहिली गोष्ट काय केली, तर तिचा 'ळ' दुरुस्त केला. शाबासकी त्यानंतर. मी त्या बाईंना तिथेच स्पष्ट बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं तुटक आहे आणि त्याची मला खंत नाही. खंत आहे ती ही, की लेक त्यानंतर मराठीतून रंगमंचावर गायलेली नाही. शाळेच्या ऑडिशनला ती इंग्रजी गाण्याचे सोळा बार घेऊन जाते आणि तिथे तिच्या उच्चाराबद्दल कुणी बोलत नाही.

पण गाडीत गाते. मागच्या आठवड्यात टेक रिहर्सलनंतर तिला आणि तिच्या तिघा मित्रमैत्रिणींना मी घरी सोडत होते. 'कट्यार'मधलं 'सुरत पिया की' तिच्या तोंडून सहज निघालं. एकाने विचारलं, हे कुठल्या शोमधलं? मग तिने त्यांना सगळी गोष्ट सांगितली, इंग्रजीतून. दोन घराणी, गप्प राहिलेले पंडितजी, वैरी खाँसाहेब, बाहेरून आलेला तो सदाशिव, ज्याला कुणी शिकवत नाही म्हणून तो लपून ऐकून शिकतो. हे तिने कधी आणि कुठे वाचलं मला माहीत नाही. मी तिला सांगितलेलं नव्हतं. मुलं लक्ष देऊन ऐकत होती. सदाशिवाचं पुढे काय होतं हे त्यांना हवं होतं. मग पुढच्या सीटवरच्या मुलीने मला विचारलं की याचं ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग मिळतं का. आहे, म्हटलं, वसंतरावांच्या आवाजात, आणि घरी पोचल्यावर तिला दुवा पाठवला.